विजोड टायर आणि घाटातला पाऊस: नवीन जोडी पुढे घालायची की मागे?

गेल्या वर्षी जुलैत साखळीला एका नातेवाइकांकडे निघालो होतो. सोबत मामेभाऊ. जांबोटी, कणकुंबी मागे पडली, चोर्ल्याचा उतार सुरू झाला आणि पाऊस वाढला. वेग चाळीसच्या आसपास, म्हणजे कोणी बेफाम म्हणावं असा नाही. एका उजव्या वळणावर समोरून टेंपो आला म्हणून ब्रेकवर पाय जरा जोरात पडला, आणि गाडीचा मागचा भाग डावीकडे सरकत गेला. पुढची चाकं सांगितल्याप्रमाणे वळत होती, मागची ऐकत नव्हती. गाडी रस्त्यावर आडवी होऊन थांबली. टेंपोवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय. तो खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, ‘मामा, मागचे टायर बघा की आधी.’

मागचे टायर अगदी गोटा झालेले नव्हते. पण पुढचे दोन टायर तीन आठवड्यांपूर्वीच घेतलेले, कोरे करकरीत. दुकानात ते बसवताना मी विचारलंही होतं. उत्तर मिळालं, ‘इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतोय, नवीन पुढंच घालूया. मागची काय, नुसती ओढत येतात. चालतंय की!’ मला ते पटलं. बेळगावपासून पणजीपर्यंत कुठल्याही दुकानात गेलात तर बहुतेक ठिकाणी हेच ऐकायला मिळेल. टायर कंपन्या मात्र याच्या नेमकं उलट सांगतात.

त्या दिवसानंतर चार टायरवाल्यांशी बोललो, गाडीचं मॅन्युअल पहिल्यांदा उघडलं, टायरवरचे आकडे वाचायला शिकलो. पावसाळ्यात चोर्ला, आंबोली, अनमोड, तिलारी असे घाट ओलांडणारे आपले वाचक पुष्कळ आहेत, आणि इंदूर, वडोदरा, हैदराबादकडच्या वाचकांना घाट नसला तरी शंभरच्या वेगाचे मोठे रस्ते आहेत. म्हणून ही माहिती.

विजोड म्हणजे नक्की काय?

चारही टायर एकाच कंपनीचे नाहीत एवढ्यानेच गाडी धोक्याची होते, असं नाही. विजोडपणाचे प्रकार आहेत आणि त्यांची तीव्रता वेगवेगळी आहे. माप वेगळं असणं, बांधणी वेगळी असणं, नक्षी वेगळी असणं, झीज कमी-जास्त असणं, वय वेगळं असणं, आणि सगळं सारखं असूनही एका चाकात हवा कमी असणं. शेवटचा प्रकार फुकटात दुरुस्त होतो, आणि त्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

आधी माप. टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. ८८ हा भाराचा आकडा आहे, त्याचा अर्थ त्या एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो भार चालतो. एच हे वेगाचं अक्षर, म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. टी असेल तर १९०, एस असेल तर १८०.

आपल्याकडे दोनशेच्या वेगाने कोण जातंय, असं कोणी म्हणेल. खरंय. पण भाराचा आकडा बघायलाच हवा. ८८ ऐवजी ८२ चा टायर बसला तर तो ४७५ किलोचाच असतो, म्हणजे एका चाकामागे ८५ किलोंचा फरक. गणपतीला पाच माणसं, वर डिकीत सामान आणि कॅरियरवर पिशव्या घेऊन गावी निघालेल्या गाडीला हा फरक जाणवतो. चार टायरमध्ये तीन चांगले आणि एक कमी ताकदीचा असेल, तर गाडीची मर्यादा त्या एकाच्या हिशेबाने धरायची.

गाडीला कुठलं माप लागतं, किती हवा लागते, हे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या कागदावर असतं. पंक्चरवाल्याला विचारायची गरज नाही. काही महागड्या गाड्यांना कंपनीच मागे जास्त रुंद टायर देते. तो विजोडपणा नाही, तिथे तेच माप बरोबर.

एका एक्सलवरची दोन चाकं

सगळ्यात महत्त्वाचा नियम एवढाच की एकाच एक्सलवरचे, म्हणजे पुढचे दोन एकमेकांसारखे आणि मागचे दोन एकमेकांसारखे हवेत. माप, कंपनी, मॉडेल आणि झीज, सगळ्याच बाबतीत. पुढची जोडी एका कंपनीची आणि मागची दुसऱ्या कंपनीची असेल तर ते आदर्श नाही, पण माप बरोबर असेल तर चालून जातं. डावा एका जातीचा आणि उजवा दुसऱ्या जातीचा, हे मात्र नको.

कारण ब्रेक मारताना दोन्ही बाजूंची पकड सारखी लागते. कोरड्या रस्त्यावर जुना टायरही बऱ्यापैकी धरतो, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. ओल्या रस्त्यावर एका बाजूच्या खाचा पाणी बाहेर टाकतात आणि दुसऱ्या बाजूच्या टाकू शकत नाहीत. मग जास्त पकड असलेल्या बाजूला गाडी ओढली जाते. सपाट रस्त्यावर आपण नकळत स्टीअरिंगने ती सांभाळतो. डाव्या हाताला दरी असेल आणि पाऊस असेल तेव्हा सांभाळायला जागा नसते.

कंपनी एकच असली तरी मॉडेल वेगळं असेल तर रबर वेगळं, नक्षी वेगळी, बाजूचा कडकपणाही वेगळा. एक टायर वळणावर जरा वाकतो, दुसरा ताठ राहतो. दुकानदार म्हणतो ‘कंपनी तीच आहे की हो’, पण टायरचं नावही तेच आहे का ते बघा.

काही टायरवर बाण असतो, चाक कुठल्या दिशेला फिरायचं ते सांगणारा. काहींवर आतली बाजू, बाहेरची बाजू असं लिहिलेलं असतं. बाणाचा टायर उलटा बसला तर त्याच्या खाचा पाणी बाहेर फेकायचं काम नीट करत नाहीत. घाईत स्टेपनी बदलताना हे हमखास होतं. काम झाल्यावर गाडीभोवती फिरून चारही बाण पुढच्या दिशेला आहेत ना, हे एकदा पाहायचं.

झिजेचा हिशेब आकड्यात मांडतो, आम्हा कॉमर्सवाल्यांना त्याशिवाय पटत नाही. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. समजा डावा टायर नवा आहे आणि उजव्यात ३ मिलिमीटर उरले आहेत. त्रिज्येत ५ चा फरक, म्हणजे व्यासात १० मिलिमीटर. १८५/६५ आर १५ च्या नव्या टायरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर भरतो, झिजलेल्याचा ६११. कागदावरच्या गणिताने नवा टायर एका किलोमीटरला सुमारे ५१२ फेरे घेतो आणि झिजलेला ५२०. किलोमीटरला आठ फेरे काही फार नाहीत. पण बेळगाव ते पणजी शंभरावर किलोमीटर आहे. म्हणजे एका खेपेत एका बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा आठशेवर फेरे जास्त फिरतं.

हा फरक पचवायला गाडीत डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरावं, यासाठी ते असतं. सरळ रस्त्यावर त्याला विश्रांती मिळायला हवी. विजोड टायर असले की सरळ रस्त्यावरही ते काम करत राहतं. साध्या कारला याने लगेच काही होत नाही, पण फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांत पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी जोडलेली असतात. तिथे पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक असेल तर ताण थेट गिअरच्या यंत्रणेवर येतो, ती तापते आणि शेवटी झिजते. अशा गाड्यांना काही कंपन्या चारही टायर एकदमच बदलायला सांगतात. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असेल तर तिथे वाद घालू नका, दुरुस्तीचं बिल टायरच्या बिलापेक्षा फार मोठं असतं.

एबीएसही चाकांच्या वेगावरच चालतं. कुठलं चाक अडकतंय हे ते प्रत्येक चाकावरच्या सेन्सरवरून ओळखतं. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या सगळ्या नव्या कारना एबीएस आहे. त्यामुळे आता अनेकांना वाटतं की टायर कसेही असले तरी गाडी स्वतःला सांभाळेल. एबीएस चाक अडकू देत नाही. पण टायरला रस्त्यावर पकडच नसेल तर ती एबीएस कुठून आणणार? त्यातून एक चाक मापाने वेगळं असेल तर त्या यंत्रणेला मिळणारी माहितीही चुकीची ठरते. माझी गाडी जुनी, तिला एबीएस नाही, हेही सांगून टाकतो.

नवीन जोडी मागे, मागेच

आता मूळ प्रश्न. दोनच टायर घ्यायचे असतील तर ते कुठे बसवायचे?

दुकानदाराचं म्हणणं समजण्यासारखं आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान कारमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, स्टीअरिंग पुढच्यांना, ब्रेकचा मोठा वाटाही पुढच्यांवर. म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात. झिजले ते काढले, तिथेच नवे घातले, काम संपलं. दुकानाला सोपं, आपल्यालाही सोपं.

पण झिजेचा प्रश्न वेगळा आणि सुरक्षेचा वेगळा. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर काय होतं? स्टीअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते. भीतीदायक आहे, पण माणूस आपोआप अॅक्सिलरेटर सोडतो, वेग कमी होतो, वजन पुढे येतं आणि पकड परत मिळते. म्हणजे घाबरल्यावर माणूस जे करतो, तेच इथे बऱ्याचदा उपयोगी पडतं.

मागच्या चाकांची पकड सुटली तर सगळं उलट होतं. गाडीचं शेपूट बाहेर जातं, तोंड आत वळतं. घाबरून अॅक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, मागचा भाग आणखी हलका होतो आणि घसरणं वाढतं. अशा वेळी स्टीअरिंग ज्या बाजूला शेपूट गेलं त्या बाजूला अलगद फिरवायचं आणि ब्रेक टाळायचा असतो. हे सांगायला सोपं आहे. मी तरी त्या दोन सेकंदांत ब्रेकवरचा पाय उचलू शकलो नाही, आणि माझ्यासारखेच बहुतेक जण असतील.

घाटाच्या उतारावर तर गाडीचं तोंड आधीच खाली. वजन पुढे झुकलेलं, त्यात ब्रेक मारला की आणखी पुढे. मागची चाकं रस्त्यावर जेमतेम टेकल्यासारखी. त्यात ती झिजलेली असतील आणि पुढची नवी असतील, तर पुढची चाकं छान थांबतात आणि मागची त्यांना ओलांडायला बघतात. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं. दोन्ही जोड्या सारख्याच झिजलेल्या असत्या तर कदाचित मी त्या वळणाच्या आधीच, पुढची चाकं सरकायला लागल्यावर, वेग कमी केला असता. नव्या टायरनी मला फाजील विश्वास दिला. स्टीअरिंग घट्ट, ब्रेक घट्ट, सगळं उत्तम वाटत होतं. मागे काय चाललंय हे ड्रायव्हरच्या हाताला कळत नाही.

मोठ्या रस्त्यावर प्रकार थोडा वेगळा. तिथे पाण्याचा थर साचलेला असतो. वेगात असताना टायरच्या खाचांना ते पाणी बाजूला फेकायला वेळ पुरला नाही, तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो. झिजलेला टायर नव्याच्या मानाने कमी वेगालाच तरंगतो. हवा कमी असली तरी तेच. पुणे–बेंगळुरू महामार्गावर जिथे कामं चालू आहेत तिथे कडेला पाणी तुंबतं, बहुतेक वेळा एकाच बाजूच्या चाकांखाली. पुढचे टायर नवे असतील तर ते पाणी कापत जातात, ड्रायव्हरला काहीच कळत नाही आणि मागचे तरंगतात. म्हणून गाडीची ताकद पुढच्या चाकांना जात असो की मागच्या, नवीन जोडी मागे बसवा, हा टायर कंपन्यांचा सल्ला आहे.

यावर एक रास्त शंका येते. मग पुढे झिजलेले टायर ठेवायचे का? बरे असतील तर ठेवायचे, गोटा झालेले असतील तर नाही. मागचे जुने टायर साधारणपणे पुढच्यांपेक्षा कमी झिजलेले असतात. ते पुढे घ्यायचे, नवे मागे टाकायचे, पुढचे गोटा झालेले काढून टाकायचे. एवढी अदलाबदल करायला दुकानात पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, म्हणून सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

आणि हवा. मागच्या दोन चाकांत हवा कमी असेल तर नवे टायरही जुन्यासारखे वागतात. घाटात उतरण्याआधी, चाकं थंड असताना, चारही चाकांची हवा एकदा तपासा. कागदावर पुढची-मागची वेगळी दिली असेल तर तशीच भरा. ‘चारही तेहतीस मारतो’ म्हणणाऱ्याला थांबवा.

एकच टायर फुटला तर?

पावसाळ्यात हा प्रसंग येतोच. खड्ड्यात चाक आपटलं, बाजूला फुगा आला. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढायचाच. बाकीचे तीन अर्धे झिजलेले. आता एक घ्यायचा की दोन?

शेजारचा टायर तसा नवाच असेल, खाचांच्या खोलीत दोनेक मिलिमीटरचाच फरक असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा एक टायर घेऊन भागतं. त्याहून जास्त झिजलेला असेल तर दोन घ्या. जोडीतला उरलेला चांगला टायर वाया जात नाही, त्याच मापाचा असेल तर तो स्टेपनीला जातो.

आता पैशाचं. समजा टायर पाच हजारांचा आहे आणि चाळीस हजार किलोमीटर चालतो. किलोमीटरला साडेबारा पैसे. चार टायरचे मिळून पन्नास पैसे. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सहा-सात रुपये असतो, त्याबद्दल आपण कुरकुरतो पण भरतो. टायरचे पाच हजार एकदम खिशातून जातात म्हणून ते मोठे वाटतात, एवढंच. सप्टेंबर २०२५ मध्ये कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हीदेखील लक्षात ठेवायची गोष्ट. जीएसटी सगळीकडे एकच असल्याने कर वाचवायला सीमा ओलांडून टायर आणण्यात आता काही अर्थ नाही.

जाता जाता एक गंमत. आपला वाचक जिथे जिथे आहे तिथे जवळपास टायरचा कारखाना आहे. फोंड्याजवळ उसगावला एमआरएफ, वडोदऱ्याजवळ लिमड्याला अपोलो आणि हालोलला सिएट, इंदूरजवळ पिथमपूरला ब्रिजस्टोन, ग्वाल्हेरजवळ बानमोरला जेके टायर, हैदराबादजवळ सदाशिवपेठला पुन्हा एमआरएफ. बेळगावला तेवढा नाही. टायर मिळत नाही म्हणून दुसरा बसवला, ही सबब या गावांत तरी चालायला नको.

स्टेपनी: तात्पुरत्या कामाची

अनेक गाड्यांच्या वरच्या मॉडेलला १५ इंचाची अलॉय चाकं येतात आणि डिकीत स्टेपनी मात्र १४ इंचाची लोखंडी. बघून माणूस चक्रावतो. यात कंपनीने हिशेब केलेला असतो. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर आणि १६५/८० आर १४ चा ६१९.६. दोनच मिलिमीटरचा फरक. त्यामुळे उंचीत गाडी तिरकी होत नाही. पण रुंदी २० मिलिमीटरने कमी आहे, पकड वेगळी आहे. ती स्टेपनी पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचायला आहे, गोव्याची ट्रिप पूर्ण करायला नाही. तिच्यावर बहुधा वेगाची मर्यादा लिहिलेली असते, ताशी ८० किंवा त्याहून कमी. पावसात त्याहीपेक्षा सावकाश.

काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. जुलै २०२० च्या नियमबदलानंतर हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना ती सूट आहे. घाटात मोबाईलला रेंज नसताना ही सूट महागात पडू शकते, हे माझं मत.

स्टेपनीचं वयही बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. रबर न वापरताही कडक होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर खाचा कितीही शिल्लक असल्या तरी बदलावा, असं टायर कंपन्या सांगतात. सेकंडहँड गाडी घेताना तर हे चार आकडे पाचही टायरवर वाचाच. पुण्याहून किंवा गोव्याहून जुनी गाडी आणून इकडे केए पासिंग करून घेणारे आपल्याकडे बरेच आहेत. विकणारा गाडीला पॉलिश मारतो, सीट कव्हर बदलतो आणि मिळतील ते चार टायर बसवतो. पाच टायर तीन कंपन्यांचे निघाले तर किमतीतून तेवढे पैसे वजा करून मागा. मिळतात, मी मिळवून दिले आहेत.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९४ प्रमाणे कारच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ते ओळखायला मोजपट्टी लागत नाही, खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण १.६ ही कायद्याची शेवटची रेघ आहे. घाटात पावसाळा काढायचा असेल तर ३ मिलिमीटरलाच नव्या टायरचा विचार सुरू करावा. कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळ्या मापाचे रुंद टायर हौसेने बसवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की बदल इन्शुरन्स कंपनीला कळवलेला नसेल तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो. स्पीडोमीटरही चुकतो: १८५/६५ आर १४ च्या जागी १८५/७० आर १४ घातला तर काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ ने जात असते.

दुकानात गेल्यावर

माझ्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो. साखळीत पोचलो, परत येताना तिथल्याच एका दुकानात चारही चाकांची अदलाबदल करून घेतली. नवे मागे, जुने पुढे. तो दुकानदारही आधी नाही म्हणाला. ‘अहो, सगळे पुढेच घालतात.’ मी म्हटलं, घाट मला चढायचाय. हसला आणि जॅक लावला. परतीला पाऊस तेवढाच होता, मी पस्तीसच्या वर गेलो नाही. एका वळणावर पुढची चाकं किंचित सरकल्यासारखी वाटली, पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून उठला आणि गाडी परत रेषेत आली. मामेभावाला ते कळलंही नाही, तो मोबाईलमध्ये होता.

दिवाळीनंतर ते जुने दोनही काढले. आता चारही एका मॉडेलचे आहेत, आणि ते सारखे झिजावेत म्हणून दर आठ हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करतो. बाण असलेले टायर त्याच बाजूला ठेवावे लागतात, डावीकडचा डावीकडेच. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच वेळी. बिलावर टायरचं पूर्ण माप, मॉडेलचं नाव आणि ते चार आकडे लिहून घेतो, म्हणजे पुढच्या वेळी जोडीला काय मागायचं ते आठवावं लागत नाही. पुढची अदलाबदल किती किलोमीटरला आहे ते डॅशबोर्डच्या कप्प्यात चिठ्ठीवर लिहिलेलं आहे.